कोणते गायकवाड?

मागच्या रविवारी आमचा थोरला आणि सूनबाई भाड्याची खोली बघायला गेली होती. खोली पसंत पडली, डिपॉझिटचेही जमले. मग घरमालकीणबाईंनी हळूच विचारले, "गायकवाड म्हणजे बडोद्याचे का?" थोरला म्हणाला, "नाही, निफाडचे." बाई म्हणाल्या, "तसं नाही हो, कोणते गायकवाड?" सोमवारी निरोप आला, खोली पाहुण्यांना दिली.

रात्री जेवताना थोरला म्हणाला, "अप्पा, बडोद्याचे म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

वाचकहो, आमचे आडनाव मोठे गमतीचे. बडोद्याच्या राजघराण्यात अशी आख्यायिका आहे की, त्यांच्या एका पूर्वजाने किल्ल्याच्या कवाडातून गायी आत घेऊन वाचवल्या, म्हणून ते गायकवाड. आमच्या आज्याच्या वाट्याला गाय यायची ती मेल्यावर, ओढून नेण्यासाठी. आडनाव मात्र एकच!

सयाजीराव महाराज मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातले. मालेगाव तालुक्यातील कवळाण्याच्या शेतकरी गायकवाडांचा हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन राजा झाला. आणि त्याच जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी, १९०२ साली आपले कर्मवीर दादासाहेब गायकवाड जन्मले. १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह त्यांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लढवला, पुढे भूमिहीनांसाठी तुरुंग भरले. 'उचल्या' लिहिणारे लक्ष्मण गायकवाड तर इंग्रजांच्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतले. त्या पुस्तकाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आता सांगा, कोणते गायकवाड?

बडोद्याच्या गायकवाडांचे उपकार आपण विसरत नाही. त्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले. पण थोरल्याला मी पुढचेही सांगितले. १९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा खुद्द महाराजांच्या राजधानीत त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव घेऊन ते पारशांच्या धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे! संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागली, मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. रात्रीच्या गाडीपर्यंत ते एका बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

थोरला बराच वेळ ताटात बोटे फिरवत बसला. सूनबाई म्हणाली, "खोटं सांगून खोली घेतली तर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो कुठं लावायचा? कपाटात?"

येत्या रविवारी दुसरी खोली बघायची आहे. या खेपेला तीही बोलणार म्हणते, आणि आत शिरतानाच जयभीम घालणार आहे. डिपॉझिटचे पैसे मी बाजूला काढून ठेवले आहेत.