पोर हुशार आहे, पण गाड्या सुटल्यावर सांभाळणार कोण?

बीड जिल्ह्यात दसरा सरला की गावोगाव ट्रक-ट्रॅक्टर भरायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. कोणतं पोर फडावर जाणार आणि कोणतं गावात राहून शाळा शिकणार, हे पोराच्या हुशारीवर ठरत नाही. घरी आजी धडधाकट आहे का, यावर ठरतं.

गुण अंगात असले की माणूस कुठूनही वर येतो, असं सत्काराच्या कार्यक्रमांत हमखास सांगितलं जातं. दाखला दिला जातो आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा. गरीब शेतकरी कुटुंबातला हा गडी 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये रौप्य आणि 2023 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकून आला. 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरीही त्याने गाठली.

पण या गोष्टीतला मधला भाग कुणी सांगत नाही. बारावीनंतर अविनाश सैन्यात भरती झाला. स्पर्धेत धावायला लागला तो तिथेच, 2015 च्या सुमारास. त्याला स्टीपलचेसकडे वळवलं ते प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी. पगार, खुराक, मैदान आणि रोज लक्ष घालणारा माणूस, हे सगळं त्याला एका जागी मिळालं. पाय त्याचेच होते, मेहनतही त्याचीच. पण गावात राहून हे जमलं असतं का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे घ्या. वडील शिक्षक. त्यांनी 2009 मध्ये पोराला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. पुढे नेमबाजीला दीपाली देशपांडे यांचं मार्गदर्शन मिळालं, मध्य रेल्वेत नोकरी लागली. 2024 मध्ये पॅरिसला त्याने कांस्यपदक घेतलं. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण राहण्या-खाण्याची सोय, पाठीशी जाणता माणूस आणि मिटलेली भाकरीची चिंता या तीन गोष्टी दोघांनाही मिळाल्या.

आता फडावरचं पोर बघा. आई-बाप पहाटेच उसात. पोरानं कोपीवर थांबून धाकटी भावंडं सांभाळायची. हजेरीपटावर नाव गावच्या शाळेचं. पाच-सहा महिन्यांनी परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो. असे दोन-तीन हंगाम गेले की शाळा सुटते. पोरीची गत आणखी वाईट. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीपोटी लवकर लग्न उरकलं जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, म्हणजे उचलही मिळते. पुढच्या हंगामात ती पोर स्वतःच फडात असते.

यावर योजना नाहीत असं नाही. हंगामी वसतिगृहात पोराला शाळेत जेवण मिळतं, मुक्काम मात्र नातेवाइकांकडे. संत भगवानबाबा योजनेत 2021 मध्ये 41 तालुक्यांसाठी 82 वसतिगृहांचा निर्णय झाला. पण कागदावरच्या मंजुरीपेक्षा सोय कधी सुरू होते, हे महत्त्वाचं. गाडीत बसलेलं पोर महिनाभराने परत आणणं कुठल्याच बापाला परवडत नाही. जेवण गाड्या सुटायच्या आधी सुरू झालं, तरच पोर मागे राहील.

दुसरी अडचण रात्रीची. दोन वेळचं जेवण मिळालं तरी आजी-आजोबा नसलेल्या पोरानं झोपायचं कुठे? अभ्यास कुणी घ्यायचा? ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार? पोरींसाठी मुक्कामी बाई असलेलं वसतिगृह तालुक्यात नसेल, तर आई-बाप तिला सोबतच नेणार. त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

गावाच्या हातातही काही आहे. कोणती जोडपी जाणार हे मुकादमाला पोळ्यापर्यंत माहीत झालेलं असतं. शिक्षक, ग्रामसेवक आणि शाळा व्यवस्थापन समितीनं तेव्हाच यादी केली, तर गटशिक्षण कार्यालयाकडे प्रस्ताव वेळेत जातो. ज्यांच्या घरी मागे म्हातारं माणूस नाही, त्यांची नावं यादीत आधी घ्यावीत. खरी गरज त्याच पोरांना आहे.

दहावी-बारावीचा निकाल लागला की गावात फ्लेक्स लागतात. यादी मात्र पोळ्यालाच व्हायला हवी. तेव्हा ती राहिली, तर फ्लेक्सवर यायच्या काही पोरांच्या हातात कोयताच येणार.