अक्कलदाढ आणि आमची अक्कल

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या थोरल्या मुलीची खालची दाढ ठणकू लागली. वय वर्षे 20. दादीने लवंग धरायला दिली. आम्ही औषधांच्या डब्यातून मागच्या आजारपणात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या काढून दिल्या. दोन दिवस बरे वाटले. ‘ईद होऊ द्या, मग बघू’ असे ठरले. ईदच्या सकाळी गाल सुजलेला आणि तोंड जेमतेम बोटभर उघडेना. शीरखुर्मा चमच्या-चमच्याने भरवावा लागला.

दातांच्या डॉक्टरांनी जबड्याचा एक्स-रे काढला. अक्कलदाढ साधारण 17 ते 25 या वयात येते. तोवर जबड्यात जागा उरलेली नसेल तर ती तिरकी होते किंवा आडवी पडून पुढच्या दाढेला टेकते. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचा पडदा राहतो, त्याखाली अन्न अडकते आणि पू होतो. लवंगेने ठणका थोडा वेळ दबतो, मूळ कारण तिथेच राहते. अर्धवट गोळ्यांचेही तेच. वर्गात मुलांना ‘माहीत नसेल तर विचारा’ सांगणारे आम्ही घरी मात्र न विचारता डॉक्टर झालो होतो.

अडकलेली प्रत्येक दाढ काढावीच लागते असे नाही. त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवतात. वारंवार सूज येत असेल किंवा शेजारची दाढ किडू लागली असेल तर काढणे बरे.

दादीची भीती वेगळीच होती, ‘दाढ काढली की नजर जाते.’ डॉक्टरांनी समजावले, डोळ्याने पाहण्याची नस वेगळी, दाढेची वेगळी. मात्र खालच्या दाढेजवळून ओठाकडे जाणारी नस असते. तिला धक्का लागला तर ओठ काही काळ, क्वचित कायमचा बधिर राहू शकतो. हे आधीच विचारून घ्यावे.

आधी सूज उतरवली, मग जागेवर भूल देऊन हिरडी उघडली, दाढेचे तुकडे करून काढले आणि टाके घातले. त्या दिवशी थुंकायचे नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने प्यायचे नाही, गरम खायचे नाही. नाहीतर जखमेतली रक्ताची गुठळी निघते आणि दोन-चार दिवसांनी भयंकर ठणका लागतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. तंबाखू, सिगारेट बंद. आठवड्याने मुलगी पूर्ववत जेवू लागली, अल्हम्दुलिल्लाह.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सूज हनुवटीखाली उतरली, गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला, तर रात्र असो की ईद, त्याच क्षणी दवाखाना गाठा.

उरलेल्या गोळ्यांचा आमचा तो डबा आता रिकामा आहे.