वेबसाइटचा सातबारा कुणाच्या नावावर?



केज, पाटोदा, धारूर भागातल्या कार्यकर्त्या अलीकडे भेटल्या की मला एक प्रश्न हमखास विचारतात. "स्वतःची वेबसाइट काढायचीय, स्वस्तातलं होस्टिंग कुठलं घेऊ?" प्रश्न तांत्रिक वाटतो, पण मला तो चळवळीचाच वाटतो.

२०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर आपल्या जिल्ह्याचं वास्तव आलं. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. हा आकडा सरकारदरबारी राहिला. पण त्या बायकांशी फडात, पालात बसून आपण जे लिहिलं, ते कुठे आहे? जिल्हा पुरवण्या रद्दीत गेल्या, फेसबुकवरचं खाली खाली सरकत दिसेनासं झालं. फुकटच्या जागेचा भरवसा नाही. जिओसिटीजवर जगभरच्या लोकांनी हौसेनं मांडलेली लाखो पानं याहूनं २००९ मध्ये एका निर्णयानं बंद केली. म्हणून आपली जागा हवी, आणि ती पदरच्या पैशात बसणारी हवी.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे वाड्यातली एक खोली. एकाच सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडं, म्हणून भाडं कमी. आपल्या लेखांना आणि चार फोटोंना ते पुरेसं आहे. मोठं काही घेऊ नका. मात्र जाहिरातीतला 'महिन्याला अमुक रुपये' हा दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकरकमी भरले तरच मिळतो. त्यावर अठरा टक्के जीएसटी, आणि मुदत संपली की दर दुप्पट-तिप्पट. विचारायचा तो नूतनीकरणाचा दर. 'अमर्याद' या शब्दाला भुलू नका, फायलींच्या संख्येची मर्यादा बारीक अक्षरात असतेच. कुलपाच्या खुणेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे मागणारा मला तरी पटत नाही. सर्व्हर मुंबईत असेल तर बरं. गावाकडच्या नेटवर्कवर पान लवकर उघडतं. आणि जुने लेख श्रीलिपीत असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर वाचणारीला नुसती गिचमीड दिसेल.

पण खरी मेख भाड्यात नाही, नावात आहे. खोली आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होस्टिंग आज इथे, उद्या तिथे हलवता येतं. डोमेन, म्हणजे आपला पत्ता, गेला की सगळं गेलं. आणि डोमेन घेताना होतं काय? भाचा, शेजारचा मुलगा किंवा 'साहेबांचा ऑपरेटर' स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइलवर नोंद करून मोकळा होतो. मनात खोट नसते. तो पुण्याला नोकरीला लागतो, नंबर बदलतो, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि बाई स्वतःच्याच दारात उभी राहते. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीत जमीन बाईच्या नावे करा म्हटलं, तेव्हा राबणारी कोण आणि मालक कोण हाच सवाल होता. इथेही नोंद तुमच्या नावे, ईमेल तुमचा, ओटीपी तुमच्या फोनवर. पासवर्ड वहीत लिहा आणि वही विश्वासातल्या एका मैत्रिणीला दाखवून ठेवा.

आणखी एक. 'तुमची अडचण इथे लिहा' असा रकाना वेबसाइटवर ठेवू नका. एखादी नवऱ्याच्या मारहाणीबद्दल लिहील आणि ते भाड्याच्या खोलीत साठत राहील. संस्थेचा फोन नंबर द्या, पुरे. शस्त्रक्रिया झालेल्या बाईचं नाव, गाव, फोटो तर नकोच, तिनं हो म्हटलं असलं तरी. तिची लेक उद्या ते वाचणार आहे.

सगळ्याची प्रत महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर काढा, कंपनी कितीही 'बॅकअप आहे' म्हणो. आणि खरेदी जूनमध्ये करा, म्हणजे नूतनीकरणही जूनमध्येच येईल. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, तेव्हा आपण कुणीच घरी नसतो.