लोणारच्या पाण्याची साक्ष

इ. स. २०२० च्या जून महिन्यात, टाळेबंदीचे पाश नुकतेच कोठे सैल होऊ लागले असता, वऱ्हाडातील लोणार सरोवराचे हिरवट पाणी गुलाबी झाले, हे आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. उपग्रहाने २५ मे रोजी टिपलेल्या चित्रात ते हिरवे होते. १० जूनच्या चित्रात त्याचा गुलाल झाला होता. असल्या प्रसंगी आमच्या देशात जे नेहमी होते ते झाले. तर्कांस ऊत आला, ज्याच्या त्याच्या हातातील दूरध्वनीवर चित्रे फिरू लागली, आणि ज्या क्षेत्राच्या पुराणकथेत दैत्यसूदन विष्णूने लवणासुरास याच जागी मारल्याचे सांगितले आहे, तेथे पाणी लाल झालेले पाहून भाविकांस काय आठवले असेल हे सांगणे नकोच. भाविकांस आम्ही दोष देत नाही. चमत्कार पाहून जो थबकला, त्याच्या अंगी निदान पाहण्याचा गुण तरी आहे. दोष द्यावयाचा तो, थबकल्यानंतर पुढे पाऊल न टाकणारास.

सुदैवाने या वेळी पाऊल पुढे पडले. सरोवराच्या संरक्षणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होताच. न्यायालयाने पाण्याची तपासणी होऊन अहवाल यावा असे फर्माविले, आणि वनखात्याने घेतलेले नमुने नागपूरच्या नीरी संस्थेकडे व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. (नामसादृश्यावरून कोणास ‘सुधारक’कर्त्या आगरकरांचे स्मरण झाल्यास आम्हांस ते अप्रिय नाही; परंतु ही संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ प्रो. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची असून तिचा पाया १९४६ साली घातला गेला.) पुण्याच्या प्रयोगशाळेने निर्णय दिला तो असा: हा रंग मिठाची आवड असणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ नामक सूक्ष्म जीवांचा आहे. त्या साली पाऊस येण्यापूर्वी उष्म्याने पाणी आटले, माणसांचा वावर थांबला होता, क्षार दाट झाले, आणि या जीवांचे फावले. प्रथम संशय एका जातीच्या शेवाळावर होता. पण नमुने काही काळ स्थिर ठेविले तेव्हा रंगाचे कण तळाशी बसून वरचे पाणी निवळ झाले. रंग पाण्याचा नव्हे, पाण्यातील जीवांचा, हे इतक्या साध्या निरीक्षणाने उघड झाले.

आमच्या व्यापारी वाचकांपैकी काहींचा या जीवांशी परिचय त्यांचे नाव न कळताही झालेला असेल. खारवलेल्या मासळीवर कधी कधी गुलाबी डाग चढतात व माल टाकून द्यावा लागतो. मीठ लावून रचून ठेविलेल्या कातड्यांवर लाली येते. मिठागरांत पाणी आटत आले म्हणजे वाफे तांबूस दिसू लागतात. यात बहुधा हाच गोतावळा असतो. इतर जीव ज्या खारटपणात सुकून मरतात त्यात हे सुखाने नांदतात. त्यांच्या अंगचे तांबडे द्रव्य गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या जातीचे असून ते त्यांस प्रखर उन्हापासून राखते. याहून मोठे नवल असे की, दिसण्यात जंतूंसारखे असले तरी हे जंतूंच्या कुळातले नव्हेत. १९७७ साली अमेरिकेत कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी जीवांच्या पेशींतील एका घटकाची जुळणी करून असे दाखविले की, सृष्टीत जीवांची एक निराळीच तिसरी शाखा आहे, आणि तोपर्यंत शास्त्रज्ञ तिला जंतूंच्या पंक्तीत बसवीत आले होते. ज्याला आपण असुराचे रक्त म्हणावयास निघालो होतो, तो जीवसृष्टीच्या वंशावळीतील इतका प्राचीन व इतका दूरचा आप्त निघाला! यात आश्चर्य कमी झाले की वाढले, हे वाचकांनीच सांगावे.

परंतु गुलाबी रंग हे लोणारचे लहान नवल होय. मोठे नवल ते पात्रच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, काठापासून सुमारे १५० मीटर खोल असा हा जवळजवळ वर्तुळाकार वाडगा काळ्या पाषाणात कोणी कोरला? १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अंमलदाराने त्याची नोंद केली, आणि पुढे दीडशे वर्षे हा खटला चालू राहिला. ज्वालामुखीवर संशय जाणे साहजिकच होते, कारण दख्खनचे सारे पठारच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. पूर्वीचा गुन्हेगार आसपासच राहत असला म्हणजे पोलीस प्रथम त्यालाच धरतात. गिल्बर्ट या नामांकित अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १८९६ साली ॲरिझोनातील अशाच एका विवराचा विचार करताना लोणारचा दाखला घेतला, आणि भूमीत कोंडलेल्या वाफेच्या स्फोटाने विवर झाले असा कौल दिला. गिल्बर्ट हा थोर माणूस. पण कौल चुकला. ॲरिझोनाचे विवर आकाशातून पडलेल्या लोखंडी पाषाणाने झाले हे पुढे सिद्ध झाले.

लोणारच्या बाबतीत अडचण अशी की, मुद्देमाल सापडेना. एवढ्या वेगाने आदळणारा पाषाण आघातासरशी बहुतांशी वितळून व वाफ होऊन जातो; आरोपी घटनास्थळीच नाहीसा! तेव्हा निर्णय परिस्थितिजन्य पुराव्यावरच व्हावयाचा होता, आणि आमच्या वकिली अनुभवास अनुसरून आम्ही म्हणतो की, असा पुरावा साखळीसारखा जुळला म्हणजे डोळ्यांदेखतच्या साक्षीहूनही तो बळकट असतो. काठावरील खडकांचे थर बाहेरच्या बाजूस उचललेले व उलथलेले आढळले. विवराच्या तळाशी गाळाखाली वेधछिद्रे पाडली तेव्हा चुरा झालेला, जबर धक्का बसलेला पाषाण वर आला. त्यात मॅस्केलिनाइट नावाची काच होती. ही काच वितळून होत नाही. वातावरणाच्या लक्षावधी पट दाबाचा धक्का क्षणार्धात बसला म्हणजे खडकातील एक खनिज आपला आकार न सोडता आतल्या आत काच बनते. असा दाब कोणताही ज्वालामुखी देत नाही. फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांचा निबंध १९७३ साली ‘सायन्स’ पत्रात प्रसिद्ध झाला आणि खटल्याचा निकाल लागला. बेसाल्टात घडलेली व इतकी शाबूत राहिलेली विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. आणि मंगळाचा पृष्ठभाग बेसाल्टाचाच असल्यामुळे तेथील विवरे समजून घेऊ इच्छिणारे विद्वान बुलढाणे जिल्ह्याच्या एका तालुक्याच्या गावी येतात.

वयासंबंधीचा निकाल मात्र फिरला. १९९७ साली एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे ठरले. २०११ च्या सुमारास आर्गॉन वायूच्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. दहा पटींहून अधिक अंतर! यावर काही मंडळी हसतील व म्हणतील, “पाहा, तुमच्या शास्त्राचाही ठिकाणा नाही.” त्यांस आमचे उत्तर असे की, वरिष्ठ न्यायालयाने खालचा निकाल फिरविला म्हणून कोणी न्यायालये बंद करा असे म्हणत नाही. ज्या पंथात चूक कबूल करण्याची सोयच नाही, त्याचे वचन कायम राहते हे खरे. पण ते कायम राहिल्याने खरे ठरत नाही.

दुसऱ्या बाजूने आमचे काही स्वदेशाभिमानी मित्र म्हणतात की, लवणासुराची कथा म्हणजे उल्कापाताचेच रूपक. आमच्या पूर्वजांस हे सारे ठाऊक होते. स्वदेशाचा अभिमान आम्हांसही आहे, आणि म्हणूनच ही उधारीची प्रतिष्ठा आम्हांस नको. पाच लाख वर्षांपूर्वी हा आघात पाहून त्याची कथा रचील असा आमचा कोणीही पूर्वज नव्हता. खाऱ्या पाण्याच्या काठी राहणाऱ्यांनी मिठाच्या असुराची गोष्ट रचली, यात त्यांची कल्पकता आहे व तिचे मोल वेगळे आहे. हेमाडपंती देवळे बांधणाऱ्या कारागिरांचा अभिमान धरा. १९७३ च्या त्या निबंधावर दोन भारतीय नावे आहेत, त्यांचा धरा. जे केले त्याचे श्रेय थोडे पडते काय, की न केलेल्याचेही घ्यावे?

पूर्वजांचे लक्ष सरोवराच्या एका गुणाकडे मात्र पक्के गेले होते. ‘ऐन-इ-अकबरी’त येथील काच व साबण यांच्या सामग्रीचा उल्लेख आहे, आणि डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी येथील खाराची निरनिराळी नावे बाजारात चालत. पिढ्यान्‌पिढ्या हा खार तोलला, विकला, त्यावर कर बसविला. पण तो कोठून आला असे विचारणारी मंडळी आम्हांत निपजली नाहीत, आणि तो प्रश्न परक्यांस विचारावा लागला. हे लिहिताना आम्हांस वाईट वाटते.

आज प्रश्न खार काढण्याचा नसून तो राखण्याचा आहे. अम्ल-अल्क मोजण्याच्या पट्टीवर साधे पाणी सातावर असते, लोणारचे दहाच्या आसपास. त्या तीव्रतेवरच तेथील जीवांचा संसार उभा आहे. गावचे सांडपाणी आत उतरते व वेडी बाभूळ उतारावर माजते, या तक्रारी जुन्या आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराचे नाव रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत चढले. सत्कार-समारंभांत असल्या यादीचा आम्ही मनसोक्त उपयोग करतो. आमचे मागणे त्याहून लहान व स्वस्त आहे. महिन्यातून एक दिवस पाण्याची पातळी, क्षार व अल्कता मोजावी, आणि ते आकडे मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत, विवराच्या काठावर व नगरपरिषदेच्या दारी फलकावर लावावेत. पुढल्या खेपेस पाण्याचा रंग पालटेल तेव्हा गावच्या दुकानदारास व शाळेतल्या मुलास मागील महिन्याचा आकडा समोरच सापडेल. या कामास एक मापक, एक नळी, काळा फळा व खडू इतके पुरे आहे. नगरपरिषदेने येत्या अंदाजपत्रकात तेवढी रक्कम धरावी.