आयातदाराला अधिसूचना, शेतकऱ्याला ॲप

‘हमीभाव आहे, इन्कम टॅक्स नाही, तरी शेतकरी रडतात कशाला?’ संभाजीनगरच्या आमच्या ऑफिसात हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकू येतं. बोलणाऱ्याने ओला कापूस कधी हातात घेतलेला नसतो.

2025 चा हंगामच घ्या. कापसाच्या आयातीवर 2021 पासून 11 टक्के शुल्क होतं. केंद्राने ते 19 ऑगस्टपासून माफ केलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग लगेच 31 डिसेंबरपर्यंत. सिल्लोड, पैठण, वैजापूरकडे वेचणी चालते ते नेमके हेच महिने. अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं, गिरण्या अडचणीत आल्या, हे मलाही कळतं. पण त्याची भरपाई कापूसवाल्याच्या खिशातून का?

‘मग सीसीआयला विका की!’ 2025 च्या हंगामात मध्यम धाग्याला क्विंटलमागे 7,710 रुपये होते, लांब धाग्याला 8,110. छान. त्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर आधार, सातबारा, पिकाची नोंद, मग स्लॉट. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत. सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते तुम्ही रील्समध्ये पाहिलंच असेल. झाडावरच भिजलेली बोंडं 12 टक्क्यांत कशी बसवायची? वेचणाऱ्या बायांना मजुरी रोख द्यावी लागते, दुकानदाराची उधारी डोक्यावर असते. माल वाळेपर्यंत थांबायला पैसा लागतो. तो नसतो, म्हणून कापूस खेडा खरेदीवाल्याला जातो, तो म्हणेल त्या भावाने.

आणि बटईने करणारा? घाम त्याचा, सातबारा मालकाचा. सिस्टीममध्ये तो नाहीच.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, ॲपशी माझं भांडण नाही. शेतकऱ्याच्या नावावर व्यापाऱ्याचा माल खपतो, तो रोखायला नोंदणी हवीच. पण तपासणी सगळी विकणाऱ्याची, आणि आयातदाराला एक अधिसूचना पुरते, हे कसं?

‘शेती सोडा’ म्हणणाऱ्यांसाठी: सरकारी पाहणीत 2018-19 ला देशातले 42.5 टक्के कामकरी शेतीत होते, 2023-24 ला 46.1. त्या काळात माणसं शेतीकडे परत आली. ऑरिकमध्ये कारखान्याआधी रस्ते, पाणी, वीज पोचते, पोचावीच. मग गावात कापूस वाळवायला एक शेड का पोचत नाही?

शुल्क माफ करायचंच तर वेचणी उरकल्यावर करा. ॲपमध्ये बटईदारासाठी रकाना टाका. कोडिंग म्हणाल तर किरकोळ काम आहे. अडचण पुढे आहे. कूळ लागेल म्हणून मालक लिहून द्यायला घाबरतो, आणि ती भीती विधिमंडळातच निघू शकते.