लोणचं मुरतं, कर्नल मुरत नाही

परवा मामा फोनवर म्हणाले, "मी आपला एलटीएस कर्नल ठेवलाय. अपडेट-बिपडेटच्या भानगडीत पडतच नाही. निवांत!" मी बरं म्हणून फोन ठेवला, कारण मामांशी वाद घालून आमच्या घरात आजवर कुणी जिंकलेलं नाही. पण ते हा ब्लॉग वाचतात. तेव्हा इथेच भांडतो.

(कर्नल म्हटल्यावर ज्यांना लष्करातले आठवतात त्या नातेवाईकांसाठी: हा लिनक्सचा गाभा. डिस्क, मेमरी, वायफाय, सगळा कारभार याच्या हातून होतो. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा निघतो, आणि पुढचा आला की थोड्याच दिवसांत आधीच्याच्या दुरुस्त्या बंद होतात. वर्षाकाठी साधारण एखादाच निवडून त्याला वर्षानुवर्षं दुरुस्त्या पुरवतात. ६.१, ६.६, ६.१२ हे त्यातले. तोच एलटीएस.)

आता गंमत बघा. एलटीएसचा अर्थ "दुरुस्त्या येत राहतील" एवढाच आहे. मामांनी त्याचा अर्थ "दुरुस्तीची गरज नाही" असा लावला. डॉक्टरांकडून औषधं आणायची, फडताळात नीट रचून ठेवायची आणि सांगत सुटायचं की माझे उपचार चालू आहेत! मामांच्या मशीनवरचा आकडा ४.१९ ने सुरू होतो. २०१८ चा कर्नल. त्याच्या अधिकृत दुरुस्त्या डिसेंबर २०२४ मध्ये थांबल्या. म्हणजे फडताळातली औषधंसुद्धा आता मुदत संपलेली.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की जुना म्हणजे मुरलेला. अहो, लोणचं मुरतं! 'डर्टी काऊ' नावाचं भोक २००७ पासून कर्नलमध्ये होतं, ते २०१६ मध्ये बुजवलं. नऊ वर्षं मुरत होतं ते. अर्थात मामांच्या बाजूनेही एक दाखला आहे, तो लपवत नाही: २०२२ मध्ये उघड झालेलं 'डर्टी पाइप' हे भोक ५.८ मध्ये, म्हणजे २०२० साली आलं होतं. जे ५.४ या एलटीएसवर थांबले होते त्यांना त्याची झळ लागली नाही. पण तो भोकाचा मुहूर्त चुकला म्हणून. मुरण्यामुळे नाही.

आणि दुरुस्त्या घेणारा एलटीएसवालाही निर्धास्त असतो असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ मुळे ज्या ext४ पद्धतीने लिनक्सवाल्यांच्या बहुतेक डिस्का मांडलेल्या असतात, तिच्यातला डेटा खराब होऊ शकेल असं निघालं. कारण काय? नव्या कर्नलसाठी लिहिलेली दुरुस्ती मागे ६.१ मध्ये आणली, पण ती ज्या आधीच्या बदलावर टेकलेली होती तो बदल ६.१ मध्ये नव्हताच. डेबियनला १२.३ चं प्रकाशन ऐन वेळी थांबवावं लागलं आणि लगोलग १२.४ काढावं लागलं. नव्या कापडाचं ठिगळ जुन्या सदऱ्याला लावायचं तर शिंपी तयार लागतो, आणि असे शिंपी फार थोडे आहेत. म्हणूनच तर सप्टेंबर २०२३ मध्ये ही मुदत सहा वर्षांवरून दोनवर आणणार असं जाहीर झालं होतं. (पुढे काही कर्नलना मुदतवाढ मिळाली, ते निराळं.)

"मग सगळ्यांनी ताजाच घ्यावा," असं आमचा भाचा म्हणेल. तू गप्प बस. तुझ्या ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा, दर नव्या कर्नलला तो नव्याने जुळवावा लागतो, आणि तो जुळला नाही की काळा स्क्रीन घेऊन तू माझ्याकडेच येतोस. नवा लॅपटॉप घेतलास, जुन्या कर्नलला त्याचं वायफाय ओळखता येईना, तेव्हा नवा कर्नल टाकलास ते बरोबर केलंस. पण आईच्या हिशेबाच्या मशीनवर कशाला? तिथे सगळं ओळखीचं, चालतं आहे. तिथे चालू मुदतीचा एलटीएसच हवा, आठवड्याला अपडेट करणारा. आणि आधीचा कर्नल काढून टाकायचा नाही. नवा अडला तर सुरू होताना मेनूतून जुना निवडता येतो, एवढी सोय आहे ती वापरा की!

आणि हो, उबुंटूवाल्यांनी हसू नये. तुमच्या २४.०४ च्या नावात एलटीएस आहे, पण त्यासोबत आलेला ६.८ हा मूळ कर्नलवाल्यांच्या एलटीएस यादीत नाहीच. त्याच्या दुरुस्त्या कॅनॉनिकल स्वतः सांभाळते. सांभाळते आहे तोवर ठीक. पण नुसती अक्षरं बघून झोपी जाण्यात तुम्ही आणि मामा एकाच पंगतीला.

असो. मामा, रविवारी सकाळी येतो. लग्नाचे फोटो आणि सोसायटीचे हिशेब त्याच डिस्कवर आहेत ना? मग बॅकअपची डिस्क शोधून ठेवा. ती सापडल्याशिवाय मी कीबोर्डला हात लावणार नाही.