विश्लेषण : पडद्यावरची पहिली नायिका नाशिकमध्ये घडली, मग ती नाशिकच्या आठवणीत का नाही?

नाशिक आणि सिनेमा म्हटले की दादासाहेब फाळके, हे समीकरण पक्के आहे. त्र्यंबकेश्वरचा जन्म, नाशिकमध्ये उभारलेली चित्रनिर्मिती, 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकमध्येच झालेला मृत्यू आणि पांडवलेण्याच्या पायथ्याशी महापालिकेचे स्मारक, हे सारे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण भारतीय पडद्यावर पहिल्यांदा खरीखुरी स्त्री दिसली तीही नाशिकमध्ये घडलेल्या चित्रपटात. तिचे नाव कमलाबाई गोखले. या शहरात ते नाव घेतल्यावर बहुतेकांना आधी आठवतो तो त्यांचा नातू, विक्रम गोखले.

स्त्री मिळत नव्हती, म्हणजे नेमके काय?

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला तेव्हा त्यातली तारामती पुरुष होती. फाळक्यांनी जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीतही चौकशी केली, पण कॅमेऱ्यासमोर टिकून काम करणारी स्त्री त्यांना मिळाली नाही. सिनेमात काम करणे इतके कमीपणाचे मानले जाई, की कुणी विचारल्यास ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत’ असे सांगा, अशी सूचना फाळक्यांनी मंडळींना दिली होती. अखेर ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेत भरले. सडपातळ बांधा, नाजूक हात. दहा रुपयांच्या पगाराऐवजी पंधरा रुपये देऊ करून फाळक्यांनी त्यांना तारामती केले.

हा किस्सा नेहमी गमतीने सांगितला जातो. त्यात एक गोष्ट निसटते. स्त्रिया ‘मिळत नव्हत्या’ हे अर्धेच खरे आहे. फिरत्या नाटक मंडळ्यांमध्ये त्या रंगभूमीवर उभ्या राहत होत्या आणि त्याची किंमतही मोजत होत्या. फाळक्यांच्या हाकेच्या टप्प्यात त्या आल्या नव्हत्या, इतकेच.

मग नाशिकमध्ये काय घडले?

‘राजा हरिश्चंद्र’च्या यशानंतर फाळक्यांनी मुक्काम मुंबईहून नाशिकला हलवला. पुढचा चित्रपट नल-दमयंतीच्या कथेवर करण्याचा विचार होता, तो मागे पडला आणि ‘मोहिनी भस्मासूर’ हाती घेतला गेला. त्याच सुमारास चित्ताकर्षक नाटक मंडळी नाशिकला आली होती. मंडळीचे रघुनाथराव गोखले यांच्याकडे फाळक्यांनी शब्द टाकला, त्यांनी होकार दिला आणि मंडळीतल्या मायलेकी कॅमेऱ्यासमोर आल्या. आई दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि जेमतेम तेरा वर्षांची कमला मोहिनी झाली.

कथेची निवड मोठी मौजेची आहे. मोहिनी म्हणजे विष्णूने घेतलेले स्त्रीरूप. भस्मासुराला नाचायला लावून त्याचा हात त्याच्याच डोक्यावर आणणारे. पुरुष स्त्रीचे सोंग घेत होते त्या काळात, पुरुष देवाच्या स्त्रीरूपासाठी पहिल्यांदा खरी मुलगी आली. 3,245 फुटांचा हा मूकपट 3 जानेवारी 1914 रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात लागला. सोबत ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी चित्रपट होता.

श्रेय कुणाचे?

फाळक्यांनी स्त्रियांसाठी पडद्याचे दार उघडले, असे वाक्य सर्रास लिहिले जाते. ते दुर्गाबाईंवर अन्याय करणारे आहे. दुर्गाबाईंचे पती जे. जे. कलाविद्यालयात शिक्षक होते. 1903 च्या सुमारास त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. पदरात लहान मुलगी, आणि त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या एकट्या बाईला पोट भरण्याचे मार्ग किती होते हे सांगायला नको. त्यांनी नाटक मंडळी पत्करली. नाटकात गेलेल्या बाईला जातीची दारे बंद होत, ती त्यांनाही झाली. कमला चार-पाच वर्षांची असल्यापासून रंगमंचावर होती. म्हणजे मोहिनीच्या वेशात कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली मुलगी नवखी नव्हती, आठ-नऊ वर्षांचा अनुभव असलेली नटी होती. धाडस आधीच करून झाले होते आणि ते एका आईने केले होते. फाळक्यांनी ते ओळखले व पडद्यावर आणले, हे त्यांचे श्रेय आहेच.

‘पहिली’ म्हणून कुणाचे नाव कोरले की वाट मोकळी झाली असे वाटते. इथे तसे झाले नाही. 1917 मध्ये फाळक्यांनी ‘लंकादहन’ केला तेव्हा सीता पुन्हा अण्णा साळुंकेच होते, आणि रामही तेच! प्रेक्षकांनी त्या दुहेरी भूमिकेला डोक्यावर घेतले. कमलाबाईंची मंडळी फिरती. ती पुढच्या गावी गेली होती.

पुढचे आयुष्य कसे गेले?

कमलाबाईंचे लग्न रघुनाथरावांशीच झाले. पंधराव्या वर्षी त्या रंगभूमीवर नावाजलेल्या होत्या. पंचविशीत असताना, तिसरे मूल पोटात असताना, पती गेले. त्यानंतरची त्यांची कारकीर्द ही हौसेची नव्हे, तीन मुलांना वाढवण्यासाठी केलेल्या कामाची हकीकत आहे. पुढे केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळीत त्यांनी पुरुषांच्या प्रमुख भूमिका केल्या. खाणावळीतला पुरुष सीता होतो आणि पडद्यावरची पहिली मोहिनी नाटकात नायक होते. भारतीय अभिनयाच्या इतिहासात याहून बोलका योगायोग सापडणे कठीण.

मूकपटांपासून बोलपटांपर्यंत पस्तीसच्या आसपास चित्रपट त्यांनी केले. 1980 सालचा ‘गहराई’ हा शेवटचा. मुलांपैकी चंद्रकांत गोखले मराठी रंगभूमी आणि चित्रपटातले मातब्बर नट झाले. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. नव्वदीच्या घरात असताना रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. थकलेल्या शरीरातली ती तल्लख, मिश्कील बाई त्यात दिसते, आणि तिला स्वतःच्या ‘पहिलेपणा’चे फारसे कौतुक नसल्याचेही जाणवते.

गंगापूर रोडचा याच्याशी काय संबंध?

सरळ संबंध नाही, पण जबाबदारीचा आहे. नाशिकचे आजचे नाटक-साहित्याचे केंद्र जुन्या गावातून सरकत गंगापूर रोडकडे आले आहे. विद्याविकास सर्कलजवळ कुसुमाग्रज स्मारक आहे, अलीकडे केटीएचएम महाविद्यालय आहे. ज्यांच्या नावाने हे स्मारक उभे आहे ते स्वतः सिनेमात होते: 1936 मध्ये गोदावरी सिनेटोनच्या ‘सती सुलोचना’ची पटकथा वि. वा. शिरवाडकरांनी लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. म्हणजे या रस्त्याला सिनेमा परका नाही.

फाळके स्मारकाच्या नूतनीकरणाची चर्चा अधूनमधून होते तेव्हा ती कारंजी, बगिचा आणि तिकिटाच्या दरापाशी अडते. सिनेमा एकट्याने होत नाही, हे त्या चर्चेत येत नाही. नाशिकने फाळक्यांना जपले हे चांगलेच. मात्र साळुंके, दुर्गाबाई आणि कमलाबाई यांच्याशिवाय सांगितलेला फाळक्यांचा इतिहास कॅमेऱ्यामागचाच राहतो, समोरचा नाही.

अडचण पुराव्याचीही आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, तीही 1917 च्या पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. ‘मोहिनी भस्मासूर’ तर आज पाहायलाच मिळत नाही. तेराव्या वर्षीची कमला पडद्यावर कशी नाचली हे आता कुणालाच दिसणार नाही. वृद्ध कमलाबाई मात्र पाऊण तासाच्या त्या माहितीपटात बोलताना दिसतात, आणि तो दाखवायला कुसुमाग्रज स्मारकात विशाखा सभागृह आहे.